गावाला निघताना मच्छरदाणी घेतली का?



गळीत हंगाम संपला. शेवटच्या टोळ्या बैलगाड्या भरून आपापल्या गावी गेल्या, कारखान्याची चिमणी थंड झाली. उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर पडला की आपल्याकडे घरोघर गावाला जायच्या गोष्टी निघतात. कोणी तिरुपतीला, कोणी लेकाकडे मुंबई-पुण्याला, कोणी लेकरांना एकदा समुद्र दाखवावा म्हणून कोकणात नाहीतर गोव्याला. आषाढी जवळ आली की दिंड्या निघतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर परभणी, गंगाखेड करीत आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरची वाट धरते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पांघरूण, बॅटरी, औषधाच्या गोळ्या, सगळं आठवणीनं पिशवीत पडतं. मच्छरदाणी मात्र घरी खुंटीलाच राहते. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणतात.

चार दिवसांचाच प्रश्न असता तर या पानावर आम्ही इतकं लिहिलं नसतं. बाहेरगावी चावलेला डास तिथंच राहतो. पण त्यानं रक्तात सोडलेला जंतू तिकीट न काढता आपल्याबरोबर गावात येतो. आणि गावात त्याला एका घरातून दुसऱ्या घरी नेणारे डास कॅनॉलच्या कडेला तयार असतात. जून महिना शासन दरवर्षी हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळतं. त्या निमित्तानं, घर सोडून राहताना डासांपासून कसं वाचावं, त्यात झाडपाल्याचा उपयोग किती आणि औषधांचा किती, हे जरा सविस्तर सांगावं असं आम्ही ठरवलं.

कॅनॉल, ऊस आणि मच्छर

जायकवाडीचं पाणी डाव्या कालव्यानं आपल्याकडे आलं, ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. त्याबद्दल तक्रार करायचं कारणच नाही. पण पाण्याची पाळी संपल्यावर चारीत साचून राहणारं पाणी, कालव्याचा पाझर, नदीच्या पात्रातली डबकी, वापरात नसलेल्या विहिरी, या जागा हिवतापाच्या डासाला फार आवडतात. ग्रामीण भागात हिवताप पसरवणाऱ्या मुख्य डासाचं नाव ॲनाफिलिस क्युलिसिफेशिस. नाव अवघड आहे, सवयी मात्र आपल्या ओळखीच्या आहेत. त्याला तुलनेनं स्वच्छ, संथ पाणी लागतं. दिवसा तो गोठ्यात किंवा घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतो. माणसापेक्षा त्याला गुरांचं रक्त अधिक पसंत. गुरं नसली, किंवा माणूस गोठ्याशेजारीच उघडा झोपला, तर त्याचं काही अडत नाही.

जुन्या सभासदांना भिंतीवर डीडीटी मारायला येणारी माणसं आठवत असतील. फवारणी झाली की दाराजवळ तारीख लिहून जायची. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचंच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं आणि साठीच्या दशकात देशातले रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आले. हिवताप गेला असं सगळ्यांनी धरलं. मग ढिलाई आली, डासांना डीडीटी पचू लागली, आणि १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. दहा-बारा वर्षांत लाखाचे चौसष्ट लाख!

आज आपल्या भागात हिवताप पूर्वीसारखा राहिलेला नाही, ही चांगली गोष्ट. पण नीट पाहिलं तर गेला आहे तो जंतू; डास इथंच आहे. जंतू पुन्हा यायचा तो बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाच्या रक्तातूनच येणार. म्हणून प्रवासाला निघालेल्या माणसानं स्वतःला जपलं तर तो मागं राहिलेल्या अख्ख्या गल्लीलाही जपतो.

कोणता मच्छर, कोणत्या वेळी

डास म्हणजे रात्रीचा प्राणी, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. हिवतापाचा ॲनाफिलिस दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा, कानाशी गुणगुणणारा क्युलेक्सही रात्रीचाच. तो हत्तीरोग पसरवतो, आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्यांचं वाटप अनेकांनी पाहिलं असेल. डेंग्यू आणि चिकनगुन्याचा एडिस मात्र दिवसाढवळ्या चावतो. सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर असतो. अंगावर पांढरे पट्टे, उडणं खालच्या अंगानं, चावा बहुतेक घोट्याला, पोटरीला, कोपराला. तो घाणीत वाढत नाही. त्याला घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं: रांजण, हौद, कूलर, फुटकं टायर, पाखरांसाठी ठेवलेलं भांडं.

या वेळा लक्षात ठेवल्या की निम्मं काम झालं. मच्छरदाणी हिवतापापासून वाचवते, पण दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या माणसाचं डेंग्यूपासून रक्षण करीत नाही. तिथं अंगभर कपडा आणि मलम हवं. उलट, संध्याकाळी मलम लावून झोपलेला माणूस पहाटे तीनला उघडा पडतो. तोवर मलमाचा जोर संपलेला असतो.

यातली आणखी एक गंमत साखरवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. चावते ती फक्त मादी, अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. नर जन्मभर फुलांतल्या नि झाडांतल्या गोड रसावर जगतो. म्हणजे तोही आपल्याच धंद्यातला. त्याच्यावर आमचा राग नाही.

डासाचा नि हिवतापाचा संबंध सिद्ध झाला तोही आपल्यापासून फार दूर नाही. सर रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या मुलखातलं इंग्रजांचं लष्करी ठाणं होतं, आणि आपला परभणी जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. त्यापूर्वी दलदलीच्या वाईट हवेनं थंडीताप येतो असं मोठमोठे डॉक्टर मानत. रॉसना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

झाडपाला: खरं किती, भाबडं किती

आपल्याकडे सांजच्याला लिंबाच्या पाल्याचा धूर करायची रीत फार जुनी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर लिंबाचा पाला, कुठं निर्गुडी. धूर दाट आहे तोवर डास दूर राहतात, हे खोटं नाही. धूर विरला की परत येतात, हेही तितकंच खरं. गोठ्यात, अंगणात तासभर करायला हरकत नाही. पण झोपायच्या बंद खोलीत नको. घरात दम्याचा माणूस, तान्हं लेकरू, बाळंतीण असेल तर मुळीच नको. धूर मच्छरापेक्षा त्यांनाच आधी लागतो.

लिंबाच्या तेलाची गोष्ट वेगळी. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. खोबरेल तेलात दोन टक्के लिंबोळी तेल मिसळून उघड्या अंगाला लावलं, तर रात्रभर हिवतापाचे डास चावले नाहीत असं त्यांना आढळलं. पुढं इतरांनी केलेल्या चाचण्यांत मात्र हा परिणाम प्रत्येक वेळी इतका चांगला आला नाही. आमचं मत असं की घरच्या ओसरीवर, शेतावरच्या आखाड्यावर ज्याला हे मानवतं त्यानं खुशाल लावावं. प्रमाणही साधं आहे: शंभर मिलीलीटर खोबरेल तेलाला दोन मिलीलीटर लिंबोळी तेल. आधी मनगटावर थोडं लावून एक दिवस पाहावं, खाज-पुरळ आली तर सोडून द्यावं. पण जिथं हिवताप जोरात आहे अशा मुलखात जाताना केवळ याच्यावर भरवसा ठेवू नये. आणि एक गोष्ट बायाबापड्यांना मुद्दाम सांगायची: लिंबाचं तेल लेकरांच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका. तान्ह्या मुलांना जंतावर म्हणून ते पाजल्यानं मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. कापराचंही तेच. कापूर पाहायला खडीसाखरेसारखा. लेकरू तोंडात घालतं आणि झटके येतात.

गवती चहाच्या जातकुळीतल्या एका गवतापासून सिट्रोनेला तेल काढतात. बाजारातल्या 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मलमांत, मेणबत्त्यांत, मनगटाला बांधायच्या पट्ट्यांत तेच असतं. वास छान येतो. टिकतो किती? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत माणसांनी मलम लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घातले आणि पहिला चावा कधी बसतो ते घड्याळ लावून मोजलं. सिट्रोनेलाची मलमं वीस मिनिटंसुद्धा टिकली नाहीत. मनगटपट्ट्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. त्यातल्या त्यात सोयाबीन तेलाचं एक मलम दीड तास टिकलं. याच चाचणीत डीट या रसायनाचं २४ टक्क्यांच्या आसपास प्रमाण असलेलं मलम सरासरी पाच तास टिकलं.

झाडापासूनच्या औषधांत एक मात्र खरं उतरलं आहे. लिंबासारखा वास येणाऱ्या निलगिरीच्या एका जातीपासून पीएमडी नावाचा अर्क तयार करतात. तो सौम्य डीटच्या तोडीचा मानला जातो. पण सर्दीला हुंगायचं आपलं साधं निलगिरी तेल ते नव्हे! दोन्ही एकच समजून कोणी फसू नये. हा अर्क तीन वर्षांच्या आतल्या मुलांना लावत नाहीत.

अंगणात तुळस, झेंडू, गवती चहा लावला म्हणजे डास येत नाहीत, असंही सांगतात. तुळस जरूर असावी. पण तिचं तेल पानात असतं, पान चुरल्याशिवाय ते हवेत येत नाही. लसूण खाल्ल्यानं, बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्यानं डास चावत नाहीत, हे तपासात टिकलेलं नाही. मोबाईलमधून न ऐकू येणारा आवाज काढून मच्छर पळवणारं यंत्रही तसंच. त्या आवाजानं फक्त बॅटरी उतरते.

औषधाचे उपाय

अंगाला लावायच्या रसायनांत सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत जास्त तपासलेलं म्हणजे डीट. अमेरिकेच्या लष्करानं ते १९४६ साली जंगलात लढणाऱ्या शिपायांसाठी काढलं, १९५७ पासून ते सर्वसामान्यांना मिळू लागलं. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या ओडोमॉससारख्या मलमात त्याचंच भावंड शोभेल असं रसायन असतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेनंही डेपा नावाचं असंच एक रसायन तयार केलं आहे. पिकारिडिन हे आणखी एक नवं. त्याला वास कमी, आणि ते प्लॅस्टिक खराब करीत नाही. डीट करतं, म्हणून चष्म्याच्या काड्या आणि घड्याळाचा पट्टा सांभाळा.

मलम डासाला मारत नाही. माणसाच्या श्वासातला कार्बन वायू, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांचा माग काढत मादी येते. मलमामुळं तिला हा माग नीट लागत नाही, जवळ आली तरी अंगावर बसवत नाही, इतकंच. म्हणून जिथं मलम लागलं नाही तेवढीच जागा ती शोधते. टाचेच्या वरचा भाग, कानामागची जागा, मान, पातळाच्या काठाखालचे घोटे, धोतरातून उघड्या पडणाऱ्या पिंढऱ्या, सगळीकडे पातळ हातानं लावावं. थापायची गरज नाही. कपड्याखाली लावू नये; जखमेवर, डोळ्यांजवळ, ओठांवर नको. लेकरांना मोठ्यांनी आपल्या हातावर घेऊन लावावं, त्यांच्या तळहाताला लावू नये, कारण तो हात लगेच तोंडात जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंच मलम नको, त्याला मच्छरदाणीतच ठेवावं. घाम आला, अंघोळ झाली, समुद्रात डुंबून आलं की परत लावायचं. मुक्कामी परतल्यावर साबणानं धुऊन टाकायचं.

जळणाऱ्या कॉइलचा जन्म जपानातला. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची पूड उदबत्तीसारख्या काडीत घालून एइइचिरो उएयामा या व्यापाऱ्यानं ती विकायला काढली. काडी लवकर जळून जायची. ती वेटोळ्याची करा म्हणजे रात्रभर टिकेल, ही अक्कल त्याच्या बायकोची, असं सांगतात. त्या फुलातल्या विषाच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली रसायनं आज कॉइलमध्ये, विजेवरच्या वडीत आणि बाटलीत वापरतात. कॉइलनं डास कमी होतात यात शंका नाही, पण धुराचा हिशेब कोणी करीत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी तो मोजला. एक कॉइल जळताना जितके अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, तितके ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातून निघतात. तेव्हा कॉइल ओसरीवर, खिडकीबाहेर, वाऱ्याच्या दिशेला ठेवावी. बंद खोलीत, खाटेखाली, मच्छरदाणीच्या आत तर कधीच नाही. कडब्याच्या गंजीजवळ कॉइल लावणाऱ्याला काय म्हणावं ते आम्ही छापू शकत नाही.

विजेवरच्या बाटलीला धूर नाही, हा तिचा फायदा. पण धर्मशाळेत बटण एका भिंतीला आणि आपली पथारी दुसऱ्या भिंतीला, त्यात वीज गेली की खेळ खल्लास. बाटली लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, आतलं औषध विषारीच असतं. अलीकडे डास पळवणाऱ्या अगरबत्त्या जागोजागी मिळतात. त्यांतल्या कित्येकींवर आत काय आहे याचा पत्ता नसतो. १९६८च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणं अशा मालावर नोंदणी क्रमांक आणि औषधाचं नाव असायला हवं. ते नसेल तर अगरबत्ती कितीही सुवासिक असो, दुकानदाराला परत करावी.

आणि शेतातलं फवारणीचं औषध घरात, गादीवर, मच्छरदाणीवर मारायचं नाही म्हणजे नाही. हे आम्हाला शेतकऱ्यांच्याच पत्रिकेत लिहावं लागतं, कारण असा 'जालीम उपाय' सांगणारे आपल्यातच आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. मोकळ्या रानात जे औषध माणसाला भोवतं, ते चार भिंतींत झोपलेल्या लेकरांचं काय करील?

मच्छरदाणी

इतकं सगळं सांगून झालं, तरी रात्रीच्या मुक्कामाला मच्छरदाणीची बरोबरी करणारं दुसरं काही आम्हाला माहीत नाही. वास नाही, धूर नाही, वीज लागत नाही, तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना चालते. कडा गादीखाली किंवा चटईखाली नीट खोचल्या पाहिजेत, आणि झोपताना हात-पाय जाळीला टेकता कामा नयेत. टेकला की बाहेर बसलेली मादी जाळीतून सोंड घालतेच. एक भोक पडलं तर सुई-दोरा घेऊन त्याच दिवशी शिवावं.

औषधी मच्छरदाणीच्या धाग्यातच कीटकनाशक भरलेलं असतं. तिच्यावर बसलेला डास मरतो, त्यामुळं लहानसं भोक असलं तरी ती काम देते. साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षं तिचा गुण टिकतो. तिला उन्हात वाळत घालू नये, सावलीत घालावी. नदीत किंवा तळ्यात धुऊ नये, त्या औषधानं मासे मरतात. वारीला जाणाऱ्यांसाठी एकाच दोरीला टांगायची गोल मच्छरदाणी सोयीची. शाळेच्या खोलीत खिडकीच्या गजाला, राहुटीत मधल्या बांबूला, कुठंही अडकवता येते, घडी उशीएवढी होते. आषाढीचे दिवस पावसाचे, मुक्काम बदलता, पाणी जागोजागी साचलेलं.

त्या वाटेनं जाणाऱ्यांनी बार्शीचं नाव ध्यानात ठेवावं. १९७३ साली बार्शीत चिकनगुन्याची मोठी साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं हा आजार देशात जवळजवळ विसरला गेला. २००५-०६ साली परतला तो असा की मराठवाड्यातल्या गावागावांत माणसं गुडघे नि मनगटं धरून बसली. अलीकडचं सांगायचं तर झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. गाव लहान आहे म्हणून डास सोडत नाहीत.

मुंबईला लेकाकडे जाणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावं. तिथला हिवतापाचा डास वेगळा. तो इमारतींच्या टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो, सातव्या मजल्यावरही तो असतो. हेमलकशाचं काम पाहायला किंवा मार्कंड्याच्या देवळाला म्हणून कोणी गडचिरोली जिल्ह्यात जाणार असेल, तर मात्र मच्छरदाणी आणि मलम दोन्ही घ्यावं. हिवतापाचं मोठं ओझं त्या जिल्ह्यावर आहे. तिथं बरेच दिवस राहणं होणार असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या. मनानं घेऊ नयेत.

मागं राहिलेलं घर

निघायच्या घाईत ही गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घर सोडताना बायका रांजण, टाक्या, बादल्या मुद्दाम भरून ठेवतात, आल्यावर पंचाईत नको म्हणून. उन्हाळ्यात कूलर तसाच भरलेला राहतो. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पंधरा दिवसांनी कुलूप उघडलं की घरभर मच्छर, आणि सगळे आपल्याच रांजणातले!

तेव्हा कूलर रिकामा करून कोरडा करावा. भांडी पालथी घालावी. पाणी ठेवायचंच असेल तर तोंडाला जुन्या धोतराचं किंवा पातळाचं फडकं घट्ट बांधावं. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात. पाणी पडलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून काथ्यानं, घासणीनं आतून घासलं पाहिजे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर ते मिळतात.

घर सोडून राहणाऱ्यांत आपण हौसेनं जाणारे झालो. दिवाळीनंतर आपल्या कार्यक्षेत्रात येणारी ऊसतोडीची कुटुंबं सहा-सहा महिने कोपीत काढतात, बहुतेक वेळा चारीच्याच कडेला, कारण पाणी तिथंच असतं. उघड्या कोपीत निजलेली लेकरं, शेजारी बैल, आणि हिवतापाच्या डासाला आवडणारं पाणी दहा पावलांवर. पुढच्या हंगामात ज्याच्या फडावर टोळी उतरेल त्यानं कोपीची जागा पाण्यापासून लांब, उंचवट्याची द्यावी. मुकादमाच्या उचलीचा हिशेब होतो तेव्हा दर कोपीला एक औषधी मच्छरदाणीही धरावी, अशी सूचना आम्ही शेतकी खात्याकडे या अंकाच्या निमित्तानं करीत आहोत. गट कार्यालयातल्या चिटबॉयनं नोंद घेताना लेकरांची संख्याही लिहून घेतली तर किती लागतील ते कळेल.

परतल्यावर ताप आला तर

प्रवासाहून आल्यावर ताप आला की आपण म्हणतो दगदग झाली, पाणी बाधलं. दुकानातून गोळी आणतो. तसं करू नये. डेंग्यूचा ताप चावल्यापासून तीन ते चौदा दिवसांत येतो, हिवताप बहुधा आठवड्यानंतर. हिवतापाची एक जात यकृतात दडून बसते आणि काही महिन्यांनीसुद्धा उठते. म्हणून वर्षभरात केव्हाही थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, मी अमक्या महिन्यात अमक्या ठिकाणी गेलो होतो. हे न सांगितल्यामुळं निदान लांबतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी फुकट होते, हिवतापाची औषधंही फुकट मिळतात. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा अंगदुखीची इतर जोरकस गोळी घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावर पोट दुखू लागलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर जिल्हा रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका.

यकृतात दडणाऱ्या हिवतापावर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस देतात. तिसऱ्या दिवशी ताप जातो, चौथ्या दिवशी माणूस रानात जातो आणि उरलेल्या गोळ्या देवळीत पडून राहतात. त्या चौदा दिवस पुऱ्या घ्यायच्या असतात. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना हे औषध चालत नाही, तेव्हा एकाच्या उरलेल्या गोळ्या घरात दुसऱ्याला देऊ नयेत. त्या चौदा दिवसांत रोग्याला रात्री मच्छरदाणीतच झोपवावं, म्हणजे घरातला डास त्याच्यापर्यंत पोचणार नाही.